झीरो नंबरचा वाघा

गोष्टी जमवायला म्हणून आम्ही कधी बसलो नाही. बसलो ते शिवायला. पण मान खाली घालून दुपारभर टाके घालायचे म्हटलं की तोंड रिकामंच राहतं, आणि गिऱ्हाइकं अशी भेटतात की त्यांचं काहीतरी घरी जाऊन सांगितल्याशिवाय राहवत नाही. आता तर इतकं साठलंय, की नवीन काही घडलं तरी आम्ही चौघी एकमेकींकडे बघून नुसती मान हलवतो. हसायलाही अंगात ताकद लागते.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी मीना. बँकेतून निवृत्त झाले, सुरतेत भेस्तानला तळमजल्यावर राहते. माझ्या पुढच्या खोलीतच हे सगळं चालतं. जोशीबाई इथल्या मराठी शाळेत शिकवायच्या. अजूनही कुणी चुकीचं बोललं की सुई थांबवून दुरुस्त करतात. निंबाबाई बमरोलीच्या. नवरा लूमवर कामाला, मूळ गाव खानदेशात, त्यामुळे बोलणं थोडं आमच्यासारखं आणि बरंचसं अहिराणी. आणि दर्शना, निंबाबाईंच्याच गल्लीतली मुलगी. जन्म सुरतेतला, त्यामुळे भांडते गुजरातीत, फोनवर बोलते हिंदीत, मराठी राखून ठेवलीय आमच्यापुरती.

काम एकच. गुजराती घरांत देव्हाऱ्यात बाळकृष्ण असतो, त्याला लाडाने लालजी म्हणतात. त्याचे कपडे रोज बदलावे लागतात. त्या कपड्यांना म्हणतात वाघा. मराठी माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा दचकतो. मूर्तींचे नंबर असतात, आणि सगळ्यांत छोटा झीरो नंबर. झीरो नंबरचा लालजी माझ्या अंगठ्याएवढा. त्याच्याही अंगरख्याला गळा असतो, बाह्या असतात, जरीची किनार असते, आणि छातीवर एक फूल भरायचं असतं. या एका फुलात आपले डोळे जाणार, असं रोज संध्याकाळी वाटतं. दुसऱ्या दिवशी परत बसतो.

*

रसिकभाई नावाचे एक गृहस्थ एकदा दुपारी आले. हातात स्टीलचा डबा. डब्यात मखमल, मखमलीवर लालजी. माप मूर्तीवरूनच घ्या, नंबरावर जाऊ नका, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्हालाही बरं वाटलं, कारण लोक नंबर चुकीचा सांगतात आणि मग आम्ही उसवत बसतो. मी टेप काढली, तर त्यांनी हात आडवा घातला. लालजी आत्ताच जेवलेत, ही त्यांची झोपायची वेळ आहे, उठले की माप घ्या.

किती वेळ झोपतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्यांच्या मनावर आहे.

मग त्यांनी शिलाई मशीन बंद करायला सांगितलं. दर्शनाला मोबाईल ठेवायला लावला. डोळ्यांवर उजेड येतो म्हणून पडदा ओढला. पडदा ओढल्यावर आम्हाला सुईचं भोक दिसेना, म्हणजे हातशिलाईही बंद. आम्ही चौघी अंधाऱ्या खोलीत मांडीवर हात ठेवून बसलो. रसिकभाई सोफ्यावर डोळे मिटून जप करत होते.

निंबाबाईंचं घर पहाटेच जागं होतं. नवऱ्याचा डबा, मुलाचा डबा, पाणी भरायचं, मग रिक्षा शोधत इकडे यायचं. त्या भिंतीला टेकल्या आणि थोड्याच वेळात चक्क घोरायला लागल्या. मला घाम फुटला. देव झोपलाय आणि आमची बाई घोरतेय. रसिकभाईंनी एक डोळा उघडला, निंबाबाईंकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "सूवा दो." झोपू द्या तिला.

त्यानंतर कोण कधी झोपलं ते मला सांगता येणार नाही. मी जागी झाले तेव्हा बाहेर भाजीवाला ओरडत होता आणि जोशीबाईंचा चष्मा त्यांच्या मांडीवर पडला होता. लालजीही उठले होते. माप घ्यायला दोन मिनिटं लागली असतील.

रसिकभाई डबा बंद करून निघाले. ट्रायलला सकाळी घेऊन येतो म्हणाले. जोशीबाई डोळे चोळत दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या,

"दुपारीच आणा."

*

पावसाळ्यात एका बेननी लालजीसाठी रेनकोट सांगितला. त्यांचा लालजी त्यांच्याबरोबर सगळीकडे जायचा. स्कूटीच्या पुढच्या टोपलीत बसून बँकेत, भाजीला, माहेरी. रेनकोट शिवून झाला. मग त्या म्हणाल्या, हेल्मेटही करा.

हेल्मेट आम्ही कुठून करणार? पण दर्शनाला असल्या कामांचा उत्साह. तिने प्लॅस्टिकचा चेंडू अर्धा कापला, आतून कापूस घालून अस्तर लावलं, बाहेरून मखमल चढवली आणि हनुवटीखाली बांधायला जरीची दोरी दिली. जोशीबाईंनी ते बघितलं आणि उठून पाणी प्यायल्या.

आठवड्याभरात त्या बेन परत आल्या, तोंड फुगवून. आम्हाला वाटलं माप चुकलं. तसं नव्हतं. चौकात पोलिसाने अडवलं होतं. त्याने आधी टोपलीत वाकून लालजीला नमस्कार केला, हेल्मेटचं कौतुक केलं, दोरी नीट बांधलीय का तेही बघितलं. मग सरळ होऊन त्यांच्या उघड्या डोक्याकडे बघितलं आणि विचारलं,

"अने तमारुं?" आणि तुमचं?

दंड भरून त्या थेट आमच्याकडेच आल्या होत्या. का आल्या ते त्यांनाही सांगता येईना. आम्ही चहा दिला.

*

फोन आला की आम्ही एकमेकींकडे बघतो, कोण घेणार म्हणून. त्या सकाळी मी घेतला. पलीकडे अडाजणच्या भावनाबेन रडत होत्या. लालजीला टोचलं.

ट्रायलच्या वेळी लावलेली टाचणी अस्तरात राहून गेली होती. कपडे बदलताना ती भावनाबेनच्या हाताला लागली. म्हणजे लालजी आदल्या दिवसभर ती टाचणी घेऊन उभे होते. त्यांनी मूर्तीच्या छातीला हळद लावली होती. आणि लालजी रुसले होते, सकाळपासून जेवत नव्हते. लालजी जेवत नाहीत म्हणजे त्यांचा नैवेद्य होत नाही, आणि नैवेद्य झाल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. यजमान उपाशीपोटी दुकानात गेले होते, मुलं कुरकुरत शाळेत.

तो वाघा निंबाबाईंच्या हातचा होता. त्यांनी पिशवी उचलली आणि दर्शनाला घेऊन निघाल्या. मी येते म्हटलं, तर नको म्हणाल्या. पुढचं दर्शनाने येऊन सांगितलं.

भावनाबेनच्या देव्हाऱ्यासमोर निंबाबाई बसल्या. नमस्कार केला. ताटात पुरी, श्रीखंड, भाजी, सगळं गार होऊन पडलेलं. भावनाबेन मागे उभ्या, डोळे सुजलेले. दर्शनाला वाटलं, आता निंबाबाई हात जोडून माफी मागतील. त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. सुई टोचून टोचून त्या बोटाचं टोक चाळणीसारखं झालंय. ते बोट त्यांनी मूर्तीच्या तोंडासमोर धरलं आणि घरातल्या पोराशी बोलावं तशा बोलल्या,

"हाई देख, मन्हं बोट देख. रोज टोचस. तरी मी जेवस ना रे भाऊ?"

म्हणजे, हे बघ माझं बोट, रोज टोचतं, तरी मी जेवते ना?

भावनाबेनना अहिराणी कुठून कळणार? त्यांनी दर्शनाला विचारलं, काय म्हणाल्या. दर्शना म्हणाली, माफी मागतायत. मग भावनाबेननी नवीन पुरी तळली, ताट परत मांडलं, पडदा ओढला. थोड्या वेळाने पडदा उघडला तेव्हा त्यांचा चेहराच बदलला होता. त्यांनी यजमानांना फोन केला, या जेवायला. या दोघींनाही पानावर बसवलं आणि आग्रह करकरून वाढलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निंबाबाईंना विचारलं, भीती नाही का वाटली? त्या दोरा ओवत होत्या. ओवून झाल्यावर म्हणाल्या, "पोऱ्या चांगला शे. ऐकस." पोरगा चांगला आहे, ऐकतो.

*

जोशीबाईंना मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आम्हीही त्यांना सांगितलं नाही, की आम्हाला कळलंय. त्यांचा टाका आधी थोडा तिरका जायला लागला, मग कुठेही जायला लागला. फुलाचं देठ फुलाला न चिकटता शेजारून निघून जायचं. त्या मात्र पूर्वीसारख्याच तोऱ्यात काम संपवून कापड माझ्याकडे द्यायच्या आणि म्हणायच्या, बघ गं, कसं झालंय.

मी म्हणायचे, सुरेख.

त्या संध्याकाळी घरी गेल्या की निंबाबाई ते काम उसवायच्या आणि दर्शना नव्याने भरायची. कधी मी भरायचे. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण बाईंना थांबा म्हणून सांगायचं कसं? यजमान गेल्यापासून त्यांना घरी बसवत नव्हतं. त्यामुळे त्या दिवसांत आमचं काम दुप्पट झालं. माझी मान तेव्हा जी धरली ती आजवर सुटलेली नाही.

शेवटी त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि ऑपरेशन करवून गेला. पट्टी निघाली, नवा चष्मा आला, बाई परत आल्या. आल्या आल्या कपाटातून आपले जुने वाघे काढले. खिडकीशी नेऊन एकेक बघितला. आम्ही तिघी खाली मान घालून शिवत होतो. मग त्यांनी नवं कापड घेतलं, एक फूल भरलं, आणि जुन्याच्या शेजारी धरलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"मीना," त्या म्हणाल्या, "डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तेव्हा माझा हात किती सुबक होता गं. आणि आता सगळं लख्ख दिसतंय, तर टाका वाकडा."

निंबाबाई दोरा शोधायला लागल्या.

बाईंनी त्याचं कारणही शोधून काढलं. भूल. भुलीचं इंजेक्शन हाताच्या शिरेत उतरलं. तपासणीच्या दिवशी त्यांनी डॉक्टरला तसं तोंडावर सांगितलं. मी बरोबर होते. त्यांनी पर्समधून दोन वाघे काढून टेबलावर ठेवले, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा. डॉक्टर तरुण होता, बिचाऱ्याने भिंगातून दोन्ही बघितले. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मग तो म्हणाला, होतं असं कधी कधी, हळूहळू हात सुधारेल, रोज थोडा सराव करा.

त्या सराव करतात. आता त्यांना सगळं दिसतं, त्यामुळे आम्हाला उसवताही येत नाही. ज्या घरात त्यांचे वाघे जातात तिथले लालजी सांभाळून घेत असतील.

*

दर्शनाला बघायला लोक आले होते. मुलगा वापीला नोकरीला, घरचे खानदेशातले, धुळ्याचे. बमरोलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत सगळे दाटीवाटीने बसले. पोहे झाले, चहा आला. मुलाच्या बहिणीचा मोबाईल बंद पडला म्हणून तिने चार्जर मागितला. दर्शना आत बशा आणायला गेली होती. तिच्या आईने खुंटीवरची पर्स काढून त्या मुलीच्या हातात दिली, घे बाई यातून.

पर्समधून चार्जर निघाला आणि चार्जरच्या वायरीत अडकून एक झबलं बाहेर आलं. मोठ्या लालजीचं, तान्ह्या बाळाला होईल एवढं. पिवळं, मऊ, गळ्याशी बंद बांधलेले. रात्री बंद लावायचे म्हणून तिने घरी नेलं होतं. पाठोपाठ टोपडं निघालं.

मुलाच्या आईने झबलं हातात घेतलं, बघितलं, घडी घालून परत पर्समध्ये ठेवलं. दर्शनाच्या आईला उंबऱ्याजवळून काही दिसलंच नाही. दर्शना बशा घेऊन बाहेर आली तोवर ते टोपडं बहिणीच्या हातातच होतं. तिने ते दर्शनाकडे बघत पर्समध्ये टाकलं. मंडळींनी चहा घाईने संपवला. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

हे आम्हाला चार दिवसांनी कळलं, तेही तिच्या आईला संशय येऊन तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा. आई रडत आमच्याकडे आली. जोशीबाई ताबडतोब उठल्या. मी येते, म्हणाल्या, आत्ता गाडी करू, वाघ्यांचा गठ्ठा घेऊन जाऊ, त्यांच्यासमोर ठेवू. मीही चप्पल शोधायला लागले. निंबाबाई तर त्या बाईला काय काय ऐकवायचं याची तयारीच करत होत्या.

दर्शना जागची हलली नाही. तिचं जरीचं काम चालूच होतं. जोशीबाई तिच्यावर ओरडल्या, अगं तुला तेव्हाच सांगता आलं नाही का, की हे देवाचं आहे?

"आलं असतं की," ती म्हणाली. "एका वाक्याचं काम होतं. मी बशा ठेवून उभीच होते. म्हटलं, विचारतात का बघू. कुणी विचारलंच नाही, बाई."

मग कोणीच कुठे गेलं नाही. तिची आई डोळे पुसून आमच्याबरोबर बसली आणि लेस कापून देत राहिली.

*

पलसाण्याकडे कारखाना असलेल्या एका शेठने आमच्याकडून एक वाघा विकत घेतला. लालजीसाठी असेल असं आम्हाला वाटलं. काही दिवसांनी त्याने गाडी पाठवली, या, माझं मशीन बघायला या.

मोठी शेड. आत लांबच्या लांब मशीन, आणि ओळीने सुया, सगळ्या एकाच वेळी खालीवर. प्रत्येक सुईखाली आमच्या वाघ्यासारखा एकेक वाघा भरला जात होता. शेठ भला माणूस होता, त्याला वाटत होतं आम्ही खूश होऊ. आवाज एवढा, की निंबाबाईंनी कानात पदर खुपसला. त्यांच्या नवऱ्याचे कान असल्याच आवाजात गेले.

जोशीबाई नव्या चष्म्याने जवळ जाऊन बघत राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, छान करतंय, आणि त्याची मान दुखत नाही. त्यात कडवटपणा नव्हता. त्यांनी नुसती नोंद केली.

शेठने आठवण म्हणून चौघींना एकेक वाघा दिला. परतताना गाडीत निंबाबाईंनी आपला नीट बघितला, मग वाकून आमचे तिन्ही बघितले. त्यांचं फूल पाच पाकळ्यांचं असतं. शेठने नेला त्या वाघ्यावर नेमकी जरी संपली होती, म्हणून त्यांनी चार पाकळ्या भरून पाचवीची जागा तशीच सोडली होती. एवढ्या बारीक कामात कोण बघतंय? मशीनने बघितलं होतं. चौघींच्या हातातल्या चारही वाघ्यांवर चार पाकळ्या, आणि पाचवीच्या जागी भोक पडल्यासारखी रिकामी जागा.

दिवाळीपर्यंत ते फूल बाजारभर झालं. दुकानांत, हातगाड्यांवर, देवळांबाहेर. निंबाबाई रस्त्याने जाताना त्या बाजूला बघायच्या नाहीत.

मग एक दिवस एक गिऱ्हाईक आमचा वाघा परत घेऊन आलं. सुशिक्षित घरातल्या बाई, बोलायला मऊ. म्हणाल्या, बाकी सगळं सुंदर आहे, पण फूल चुकलंय. खऱ्या डिझाईनमध्ये इथे एक पाकळी नसते.

मी सांगायला तोंड उघडलं. निंबाबाईंनी माझ्या हातातून वाघा घेतला, चष्मा नाकावर ओढला, आणि पाचवी पाकळी उसवायला घेतली.

*

कांताबांकडचं काम घ्यायचं म्हणजे आम्ही आधी एकमेकींची तोंडं बघायचो. गुजरातीत आईला, म्हाताऱ्या बाईला बा म्हणतात; कांताबा फार म्हाताऱ्या, आणि देवाच्या सेवेच्या बाबतीत फार कडक. कापड कोरं हवं, सुई नवी हवी, आंघोळ केल्याशिवाय हात लावायचा नाही, शिवताना जवळ चहाचा कप नको. त्यांच्या देवघरात सुनेलाही लगेच प्रवेश नसायचा. घर आमच्यापासून फार लांब नव्हतं, पण आम्ही तिथे पायरीच्या वर कधी गेलो नव्हतो. काम सून घेऊन यायची आणि घेऊन जायची.

थंडी सुरू झाली तेव्हा त्यांनी लालजीसाठी रजई सांगितली. आम्ही साटीनची केली, आत कापूस, कडेला जरी. परत आली. लालजी पांघरूण लाथाडतात, सकाळी उघडे सापडतात. मग मखमलीची केली. तीही परत आली, जड होते. मग रेशमाची. ती तर त्याच संध्याकाळी परत आली, सुनेचा चेहरा कसनुसा. कडक आहे, बा म्हणतात.

तोवर आम्ही थकून गेलो होतो. लग्नसराईचं काम पडून होतं. मी म्हटलं, सरळ नाही म्हणून सांगू. निंबाबाईंनी रेशमाची रजई दोन बोटांत चुरगाळून बघितली आणि म्हणाल्या, नवं कापड आहे, ते टोचणारच. मी करते, तुम्ही राहू द्या.

दोन दिवसांनी त्यांनी कागदात गुंडाळलेलं पुडकं आणलं आणि सून येऊन ते घेऊन गेली. मी बघितलंच नाही. संध्याकाळी सहज विचारलं, कापड कुठलं घेतलं? त्या म्हणाल्या, घरचं. घरचं म्हणजे? म्हणजे त्यांचं जुनं लुगडं. नेसून नेसून विरलेलं. त्यातून कापून, चार पदर एकावर एक ठेवून, बारीक धावदोऱ्याने त्यांनी हातभरही नसलेली गोधडी शिवली होती. आपल्याकडे तान्ह्या पोराला करतात तशी.

कांताबांच्या देवाला आम्ही नेसलेलं कापड पाठवलं होतं. मी सुनेला फोन लावला, तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच आला. बांनी बोलावलंय, संध्याकाळी या, आणि जिने ती रजई केली तिला घेऊन या.

रिक्षात मी सगळं बोलणं जुळवत होते. चूक झाली, आम्हाला माहीत नव्हतं, शुद्धीचा जो काही खर्च असेल तो देऊ. निंबाबाई बाहेर बघत होत्या.

कांताबा देवघराच्या दाराशी पाटावर बसल्या होत्या. पांढरी साडी, कपाळावर वैष्णवांचा टिळा. गोधडी त्यांच्या मांडीवर. सून भिंतीला चिकटून उभी. मी हात जोडले आणि बोलायला लागले, तर कांताबांनी बोट वर करून मला थांबवलं. त्यांनी निंबाबाईंकडे बघितलं.

"आ कोनुं छे?" हे कुणाचं आहे?

"मन्हं," निंबाबाई म्हणाल्या. माझं.

"पहेरेलुं?" नेसलेलं?

मला वाटलं, आता तरी या गप्प बसतील. निंबाबाईंनी मान हलवली. नेसलेलं, म्हणाल्या. आणि मग त्यांना जमेल तशा मराठीत सांगितलं, की तिन्ही पोरं याच लुगड्याखाली झोपवली. धाकटा तर याशिवाय झोपायचाच नाही.

मी ते गुजरातीत सांगितलं.

कांताबा गोधडीवर तळहात फिरवत राहिल्या. मग भिंतीचा आधार घेत उठल्या. सून धरायला पुढे झाली, तिला त्यांनी हातानेच मागे थांबवलं. देवघराचा पडदा बाजूला केला. आत लहानसा लाकडी पलंग, त्यावर लालजी निजवलेले, अंगावर काही नाही. कांताबांनी गोधडी निंबाबाईंच्या हातात दिली.

"तुं ज ओढाड." तूच पांघरूण घाल.

निंबाबाईंनी चप्पल दाराबाहेर काढलीच होती. त्यांनी साडीला हात पुसले आणि आत गेल्या. गुडघे टेकले. गोधडी लालजीच्या गळ्यापर्यंत ओढली, कडा दोन्ही बाजूंनी खाली खोचल्या, पायाकडची बाजू जरा जास्त. मग तिथेच बसल्या आणि दोन बोटांनी त्या गोधडीवर थोपटायला लागल्या. कितीतरी वेळ.

कांताबांनी हात लांब करून लाईट बंद केला.